ग्राहकाचा सातबारा

ग्राहकसंबंध व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, ज्याला कचेरीच्या बोलीत नुसते ‘सीआरएम’ म्हणतात, ते ग्राहकाकडे अधिक लक्ष देता यावे म्हणून घेतले जाते, असे खरेदीच्या प्रस्तावात लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्राहक बाजूला पडतो आणि कोणाची नोंद कोणाला दिसते, का दिसते, आणि आपली दिसत असेल तर त्याची का दिसत नाही, या प्रश्नांवर संपूर्ण विक्री विभागाची कार्यशक्ती एकवटते. या कलहाचे मूळ एका शब्दात आहे. अशा प्रणालीत एका ग्राहकाच्या, सौद्याच्या किंवा तक्रारीच्या माहितीला ‘रेकॉर्ड’, म्हणजे नोंद, म्हणतात आणि प्रत्येक नोंदीला एक ‘ओनर’ असतो. वास्तविक हा ओनर महिन्याच्या पगारावर राबणारा प्रतिनिधी. परंतु पडद्यावर आपल्या नावाशेजारी मालक असे लिहिलेले पाहिल्यावर त्याच्या अंगी जो जमीनदारी बाणा संचारतो, तो बांध कोरण्यापर्यंत जाऊ शकतो.

या बाबतीत उदाहरणादाखल सेल्सफोर्स घेता येईल, कारण १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या या कंपनीच्या प्रणालीत अधिकारांची उतरंड मोठ्या कसोशीने रचलेली आहे. ‘प्रोफाइल’ आणि ‘परमिशन सेट’ हे दोन परवाने एखाद्याला ग्राहकांच्या किंवा सौद्यांच्या दालनात शिरू द्यायचे की नाही हे ठरवतात. आत शिरल्यावर त्याला नेमकी कोणती कपाटे उघडी सापडतील हे ठरवणे ‘शेअरिंग’चे काम. त्यासाठी आधी ‘ऑर्ग-वाइड डिफॉल्ट’ नावाची पायाभूत मर्यादा ठरवली जाते: नोंदी खासगी असाव्यात, सर्वांनी फक्त पाहाव्यात, की सर्वांनी पाहून बदलाव्यातही. यांतील मधला पर्याय मराठी वाचकाला वेगळा समजावण्याची गरज नाही, कारण सातबारा नेमका तसाच चालतो. कोणाच्याही जमिनीचा उतारा कोणीही महाभूलेखवर पाहू शकतो, मात्र त्यात बदल करायचा तर फेरफार धरला जावा लागतो आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो. पायाभूत मर्यादेच्या वर जे थर येतात, म्हणजे वरिष्ठाला कनिष्ठांच्या नोंदी दाखवणारी ‘रोल हायरार्की’, एका गटाच्या नोंदी दुसऱ्या गटाला खुल्या करणारे ‘शेअरिंग रूल’ आणि एखाद्याने एकेक नोंद हाताने वाटणे, ते सर्व दार अधिक उघडू शकतात, लावू मात्र शकत नाहीत. ‘रिस्ट्रिक्शन रूल’ नावाची कडी पुढे आली खरी, पण ती ठरावीक प्रकारच्या नोंदींनाच बसते. म्हणून पाया अरुंद ठेवावा आणि गरजेपुरते दार उघडावे, असा या रचनेचा आग्रह आहे. कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालच्या आपल्या निबंधात मांडले होते. त्यांनी संगणकांचा विचार केला होता, प्रादेशिक व्यवस्थापकांचा नव्हे.

कारण ज्या बैठकीत हा पाया ठरतो, तेथे प्रत्येक विभागप्रमुखाची भूमिका एकच असते: आपल्या नोंदी खासगी राहाव्यात आणि इतरांच्या कंपनीच्या हितासाठी खुल्या असाव्यात. बैठकीअंती सर्वच नोंदी खासगी करण्यावर एकमत होते आणि त्याचे फळ चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर दिसते. तेथे एकाच कंपनीचे दोन प्रतिनिधी सुरक्षारक्षकाच्या वहीत एकाखाली एक नावे लिहितात, ‘कोणास भेटायचे’ या रकान्यात दुसरा पहिल्याखाली दोन टिंबे काढतो, आणि एकाच्या बॅगेत ८ टक्के तर दुसऱ्याच्या बॅगेत १२ टक्के सवलतीचे कोटेशन असते. दुबार नोंद टाळण्यासाठी प्रणालीत ‘डुप्लिकेट रूल’ असतो. पण तोही नोंदींच्या अधिकारमर्यादा पाळण्याच्या अटीवर बसवलेला असेल, तर न दिसणाऱ्या नोंदीविषयी तो मौन राखतो. दोन्ही कोटेशने एकाच वेळी पाहण्याचा अधिकार त्या क्षणी फक्त एका माणसाला असतो, आणि तो म्हणजे त्या कारखान्याचा परचेस मॅनेजर.

रोल हायरार्कीची कथा याहून करुण आहे. कोणाला किती माहिती दिसावी याची ही उतरंड कंपनीच्या मानपानाच्या तक्त्याशी जुळलीच पाहिजे असे नाही, हे सेल्सफोर्सच्या प्राथमिक पाठांतच सांगितलेले असते. तरीही बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ विभागाचा तक्ता जसाच्या तसा चिकटवला जातो, कारण उतरंडीत शेजाऱ्यापेक्षा खालचे स्थान मिळालेल्या उपमहाव्यवस्थापकाला माहितीच्या सुरक्षिततेचे महत्त्व पटवणे अवघड असते. ज्याचे समाधान त्यानेही होत नाही, त्याला ‘व्ह्यू ऑल डेटा’, म्हणजे सर्व काही पाहण्याची मुभा, दिली जाते. ती लग्नातल्या मानाच्या फेट्यासारखी असते, डोक्यावर असली म्हणजे झाले, तिचा उपयोग विचारायचा नसतो. शिवाय ती तात्पुरती असते. परमिशन सेटला मुदत घालण्याची सोय प्रणालीत आहे, पण त्या रकान्यात तारीख लिहिणे म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवणे असल्याने अ‍ॅडमिन तो रकाना कोरा सोडतो.

अधिकार सर्वांना सारखे मिळाले तर काय होते, याचा प्रयोग एकदा अनवधानाने होऊन गेला. १७ मे २०१९ रोजी सेल्सफोर्सच्या एका डेटाबेस स्क्रिप्टमुळे, पार्डॉट ही विपणनप्रणाली वापरणाऱ्या किंवा पूर्वी कधी वापरलेल्या ग्राहककंपन्यांतील लोकांना असायला हवेत त्याहून अधिक अधिकार मिळाले. चूक लक्षात येताच कंपनीने दारेच बंद केली, ज्यांचा पार्डॉटशी काही संबंध नव्हता असेही अनेक जण बाहेर अडकले, आणि नंतर कित्येक अ‍ॅडमिननी प्रोफाइलमधील अधिकार पुन्हा बसवत दिवस घालवले. सर्वांना सर्व दिसण्याचे हे साम्यवादी पर्व अल्पायुषी ठरले.

एरवीच्या दिवशी कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या वाट्याला एक संदेश येतो: पुरेसे अधिकार नाहीत, नोंदीच्या मालकाशी किंवा अ‍ॅडमिनशी संपर्क साधावा. मालक कोण हे त्या नोंदीत लिहिलेले असते, आणि ती नोंद उघडण्याचेच अधिकार नसतात. अ‍ॅडमिन तिकीट टाकायला सांगतो. तिकीट मंजुरीसाठी ज्या साहेबांकडे जाते ते दौऱ्यावर असतात, आणि दौऱ्यावरून ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर विचारतात की यादी कोणाकडे आहे. ज्याला अहवाल निर्यात करण्याची मुभा असते, तो सौजन्यमूर्ती साऱ्या ग्राहकांची एक्सेल फाइल, मोबाइल क्रमांकांच्या रकान्यासह, ‘फायनल सुधारित २’ या नावाने गटावर टाकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; गटावर त्या फाइलखाली सात अंगठे आणि एक जोडलेले हात येतात.

राहता राहिला मालक. सेल्सफोर्समध्ये एकदा निर्माण केलेला वापरकर्ता पुसता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतो, आणि नोंदी दुसऱ्याच्या नावावर कोणी चढवेपर्यंत त्या त्याच्याच राहतात. चढवायच्या म्हटल्या, तर जुन्या मालकाने हाताने वाटलेले अधिकार त्याच क्षणी गळून पडतात आणि त्या जोरावर काम करणारे सगळे एकदम ओरडू लागतात. म्हणून ते काम पुढच्या तिमाहीवर जाते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी वारसनोंद न झाल्याने सातबाऱ्यावर त्यांचेच नाव असावे, तसा केव्हाच प्रतिस्पर्ध्याकडे रुजू झालेला प्रतिनिधी इकडे शेकडो ग्राहकांचा मालक म्हणून नांदत राहतो. आणि चाकणच्या त्या परचेस मॅनेजरला दिवाळीच्या शुभेच्छांचा आपोआप जाणारा ईमेल दरवर्षी त्याच्याच सहीने मिळतो.