लूपसम्राटांस अनावृत पत्र

प्रिय लूपसम्राट,

स. न. वि. वि.

आपण वाढीव पगारावर दुसरीकडे गेलात आणि आपला जँगोतला प्रकल्प माझ्या गळ्यात पडला. जाताना आपण म्हणाला होतात, "टेम्प्लेटमध्ये फार काही नाही, साधे फॉर लूप आहेत." केवढा हा विनय!

एका प्रकाशकाच्या ग्रंथसूचीचं पान. पुस्तकं २००. लूपच्या आत आपण लिहिलंत 'पुस्तक.लेखक.नाव' आणि त्याखाली 'पुस्तक.मालिका.शीर्षक'. दिसायला किती निरागस! पण लूपच्या प्रत्येक फेरीत त्या टिंबांमागून डेटाबेसकडे नवी क्वेरी जाते. यादीसाठी १, लेखकांसाठी २००, मालिकांसाठी २००; एका पानाला ४०१. फायली एकाच कपाटात असताना शिपायाला दर फायलीसाठी वेगळा जिना चढायला लावणारे साहेब पूर्वी कचेऱ्यांत असत, ते आता आपल्या रूपाने संगणकात आले. आपल्या लॅपटॉपवर चाचणीपुरती ५ पुस्तकं होती. ११ क्वेऱ्यांत भागलं, पान झटकन उघडलं, आणि "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून आपण मोकळे. व्ह्यूमध्ये सिलेक्ट रिलेटेड लिहून त्यात लेखक आणि मालिका ही दोन नावं दिली असती, तर जॉइन लागून सगळं एका क्वेरीत आलं असतं. पण एका ओळीत काम उरकणं आपल्या इतमामाला शोभलं नसतं.

जँगो जन्मला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. पानं मांडणारा डिझायनर प्रोग्रामर असेलच असं नाही, म्हणून त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली. टेम्प्लेटमधून फंक्शनला आर्ग्युमेंट देता येत नाही, लूपमध्ये ब्रेकसुद्धा नाही. (हा सोवळेपणा कधीकधी मलाही जाचतो, ते सोडा.) विचार व्ह्यूमध्ये करा, टेम्प्लेटमध्ये फक्त मांडा, असा त्यामागचा हिशेब. आपण त्यातूनही वाट काढलीत. विनाआर्ग्युमेंटची मेथड टेम्प्लेटमधून चालते म्हटल्यावर आपण मॉडेलवर 'एकूण विक्री' नावाची मेथड लिहिलीत, तिच्या पोटात आणखी एक क्वेरी ठेवलीत, आणि तिला लूपमध्ये नेऊन बसवलंत. ४०१ हा आकडा आपल्याला बहुधा किरकोळ वाटला असावा.

मग रीग्रुप. पुस्तकं विषयवार दाखवायची म्हणून आपण तो वापरलात, इथवर ठीक. पण रीग्रुप स्वतः क्रम लावत नाही. शेजारशेजारची सारखी नावं तेवढी एकत्र बांधतो. यादी आधी विषयाने लावून द्यावी लागते. आपण दिली नाहीत. पानावर कविता, कादंबरी, पुन्हा कविता, पुन्हा कादंबरी अशी मथळ्यांची रांग लागली. एखाद्याने ऑर्डर बाय लावलं असतं. आपण जावास्क्रिप्ट लिहून दुसऱ्यांदा आलेले मथळे लपवलेत! मथळे गेले, पुस्तकं जागच्या जागी राहिली. त्यामुळे निम्मे कवी आज कादंबरीकार म्हणून नांदताहेत. प्रकाशकांचे फोन मला येतात.

मुखपृष्ठावर पहिली १० पुस्तकं हवी होती. आपण लूप २०० वेळा फिरवलात आणि आत इफ लावून फॉरलूप.काउंटर १० पेक्षा मोठा झाला की काही छापायचं नाही, असं ठरवलंत. पानाचा सोर्स उघडला की १० पुस्तकांखाली कोऱ्या ओळींचं वाळवंट पसरलेलं दिसतं. व्ह्यूमध्येच क्वेरीसेटला १० चा स्लाइस दिला असता, तर डेटाबेसने लिमिट लावून १० च पाठवली असती.

एम्प्टी हा टॅग २००९ च्या १.१ आवृत्तीपासून आहे. यादी रिकामी निघाली तर काय दाखवायचं ते त्याच्याखाली लिहितात. आपण काहीच लिहिलं नाहीत, म्हणून शोधात पुस्तक सापडलं नाही की वाचकासमोर पांढरं स्वच्छ पान येतं आणि साइट बंद पडली अशी तक्रार येते.

आपला एकच लूप मी अजून जपून ठेवलाय. तीन पातळ्यांचा आहे, आणि सर्वांत आत 'फॉरलूप.पेरेंटलूप.पेरेंटलूप.काउंटर' असा वंशवृक्ष. काढून पाहिला, तरी पान अगदी तसंच दिसतं. तो नक्की काय करतो, एवढं उलट टपाली कळवावे.

आपला,
उत्तराधिकारी