बाळंतपणाच्या रजेतली पगाराची स्लिप: वाचनविधी, निषेध आणि पथ्ये

अधिकार. प्रस्तुत विधी करण्याचा अधिकार त्या स्त्रीस आहे, जिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम केले आहे. तिला २६ आठवडे पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी. दोन मुले हयात असतील तर १२ आठवडे. सरकारी नोकरीतल्या स्त्रियांचा १८० दिवसांचा स्वतंत्र संप्रदाय आहे. त्यांनी आपल्या आस्थापना शाखेत जावे आणि जेवणाची सुट्टी टाळून जावे.

हा अधिकार आभाळातून पडलेला नाही. मुंबई प्रांताने १९२९ साली यासाठी देशातला पहिला कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कौन्सिलात डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. देशभराचा कायदा यायला १९६१ उजाडलं आणि बाराचे २६ आठवडे व्हायला २०१७. हे पाठ करून ठेवायचं कारण एवढंच की ‘मजा आहे बुवा, घरबसल्या पगार’ असं म्हणणारा एक इसम प्रत्येक ऑफिसात असतो, आणि त्याच्या तोंडावर मारायला एखादं साल हाताशी असलेलं बरं.

साहित्य. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, पेन्सिल, खोडरबर आणि एकांत. यातला एकांत सर्वांत दुर्मीळ. माझ्या भाचीच्या बाबतीत तो मुळीच साधला नाही, कारण तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची खाती जुळवली, त्यांना मुलीची स्लिप दिसली की हात शिवशिवतात. मी पगार विभागात वर्षं काढलेली. पण भावोजींच्या लेखी ते ‘प्रायव्हेट’, म्हणजे खरं ऑफिस नव्हेच.

विधी पहिला: दिवसाचा सरासरी पगार काढणे. रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतला पगार घ्यावा आणि त्याला प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांनी भागावे. इथे एक बारकावा आहे आणि तो एचआरमधली पोरं हमखास विसरतात. उलट्यांपायी त्या तीन महिन्यांत पाच-सात दिवस बिनपगारी गेले असतील, तर पगार कमी झाला तसे भाजकातले दिवसही कमी होतात. सरासरी घसरत नाही. कोणी तीन महिन्यांची रक्कम सरसकट नव्वदने भागून दाखवू लागला, तर त्याच्या हातातून कॅल्क्युलेटर काढून घ्यावा.

१९६१ च्या कायद्यातली ‘वेतना’ची व्याख्या मोठी गमतीदार होती. त्यात महागाई भत्ता धरायचा, घरभाडे भत्ता धरायचा, उत्पादनावरचा प्रोत्साहन बोनस धरायचा, इतकंच काय, मालक सवलतीच्या दरात धान्य देत असेल तर त्या सवलतीची किंमतसुद्धा धरायची. ओव्हरटाइम मात्र नाही. दिवाळीचा बोनस नाही. मालकाने भरलेला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. पॅकेजचा आकडा लग्नाच्या बायोडेटात शोभून दिसतो. रजेच्या हिशेबात त्याला कोणी विचारत नाही, कारण त्यातली बरीचशी रक्कम तुमच्या हातात कधी येणारच नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला. आठवडे तेच राहिले, पण वेतनाची व्याख्या बदलली: बेसिक, महागाई भत्ता आणि एक ‘रिटेनिंग’ नावाचा भत्ता. घरभाडे बाहेर. बाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम परत आत. आता ‘पूर्ण पगार’ म्हणजे आपली कंपनी स्लिपवरचा ग्रॉस देणार की व्याख्येपुरता, हे रजेचा अर्ज देण्याआधी ईमेलने विचारावे. तोंडी विचारू नये. तोंडी उत्तर ‘डोन्ट वरी मॅडम’ असं असतं आणि ते कुठल्याही न्यायालयात चालत नाही.

विधी दुसरा: कपातींचे दर्शन. बाई रजेवर जाते, कपाती जात नाहीत. भाचीची स्लिप भावोजींनी जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणचं बाजूला सारून मांडली, ती अशी: ग्रॉस १,२०,०००. पीएफ ७,२००. व्यवसाय कर २००. टीडीएस ७,३४५. हातात १,०५,२५५. रजेच्या आधी हेच, रजेच्या पहिल्या महिन्यातही हेच.

‘‘रजेवर असताना पीएफ कसला कापतात?’’ असा सवाल भावोजींनी मला केला. जणू मी कापला. कायद्याचं उत्तर सरळ आहे. पीएफच्या कायद्यात ड्यूटीवर असताना मिळतो तो पगार आणि पगारी रजेवर मिळतो तो पगार, दोन्ही सारखेच धरले आहेत. बेसिकचे १२ टक्के तिचे, तेवढेच मालकाचे. रजेच्या काळात मालकाने आपले १२ टक्के गुपचूप थांबवलेले आढळले, तर शांतपणे पीएफचं पासबुक उघडून महिना दाखवावा. कंपनी बेसिकऐवजी १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ कापत असेल तर १,८०० दिसतील. तो गुन्हा नव्हे, कंजुषी आहे.

मग भावोजी पेन्शनकडे वळले. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १५,००० च्या मर्यादेने जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात हे त्यांना मुखोद्गत. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य. चष्मा पुसून पुन्हा शून्य. ‘‘मेहुणीबाई, हा सरळ सरळ अपहार आहे.’’ अपहार नव्हता. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० हून जास्त पगारावर जे पहिल्यांदाच पीएफमध्ये आले, त्यांना पेन्शन योजनेचं सदस्यत्वच नाही. मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जातात. भाची त्यातली. हे पटवायला मला चहा दोनदा करावा लागला. ज्या जुन्या सदस्य आहेत त्यांनी मात्र लक्षात ठेवावं: पगारी रजेत पेन्शनचा हप्ता चालू राहतो, पुढे बिनपगारी रजा वाढवली की थांबतो, आणि ते दिवस ‘अंशदान नसलेले’ म्हणून नोंदले जातात. पेन्शन काढताना पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० असं सूत्र आहे. या सूत्रात सेवेची तीस वर्षं घातली, तरी १५,००० च्या मर्यादेवर महिन्याला सुमारे ६,४२९ येतात. तेव्हा दोन महिन्यांच्या खंडाने आभाळ कोसळेल अशी भीती कोणी घातली, तर ते आभाळ मुळात केवढं होतं तेही विचारावं.

व्यवसाय कर. महाराष्ट्रात दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. महिना सर्वांत लहान, कर सर्वांत मोठा; का, ते विचारू नये. स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून माफ.

विधी तिसरा: टीडीएस. इथे पेन्सिल नीट टोकदार करून घ्यावी. रजेचा पगार हा पगारच असल्याने त्यावर आयकर लागतो. ‘आईला करमाफी’ वगैरे काही नसतं. पगार विभाग एप्रिलमध्ये वर्षभराचा अंदाज धरतो आणि कराचे बारा भाग करून कापत जातो. भाचीचे वर्षाचे १४,४०,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १३,६५,०००. २०२५-२६ च्या टप्प्यांनी कर आणि सेस मिळून ८८,१४०. बाराने भागा: ७,३४५. इथवर सगळं चोख.

आता तिची २६ आठवड्यांची रजा १ ऑगस्टला सुरू होऊन जानेवारीच्या २९ तारखेला संपणार होती, आणि तिला फेब्रुवारी-मार्च बिनपगारी घ्यायचे होते. म्हणजे वर्षाचे झाले १२ लाख. वजावटीनंतर ११,२५,०००. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य! दोन महिने बिनपगारी घेतले की वर्षाचा करच जातो. पण पगार विभागाला हे माहीत नसेल तर जानेवारीपर्यंत ७३,४५० कापून झालेले असतात, आणि ते विवरणपत्र भरून परताव्याची वाट बघत बसावं लागतं. म्हणून बिनपगारी रजेचा विचार पक्का झाला की पगार विभागाला लगेच लेखी कळवावे आणि अंदाज बदलून घ्यावा. आमच्या विभागात याला आम्ही ‘प्रोजेक्शन बदलणे’ म्हणायचो, आणि ते आपणहून कोणी बदलत नसे. मीसुद्धा नाही. शंभर नावं असतात हो समोर, कोणाला कितवा महिना ते कसं लक्षात राहणार?

हा हिशेब मात्र भावोजींनी माझ्याआधी काढला. कागदाच्या पाठीवर, सुबक बँकेच्या अक्षरात, सगळ्या दशांशांसकट. खाली लिहिलं होतं, ‘चि.स घरी बसून विश्रांती घेण्यास हरकत नाही.’ तो कागद भाचीने फाइलला लावून ठेवला आहे. मी पाहिला नाही असं दाखवलं.

बिनपगारी महिन्यांची स्लिप. ती येते. पगार शून्य आणि खाली कंपनीच्या आरोग्यविम्याचा आईवडिलांसाठीचा हप्ता. देय रक्कम उणे. ती पाहून घाबरू नये, भावोजींना दाखवू नये; हप्ता पुढच्या पगारातून वळता होतो.

ईएसआयच्या भगिनींसाठी. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांचं सगळं वेगळं. त्यांचा हितलाभ मालक देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ (म्हणजेच ईएसआय) देतं, सरासरी रोजच्या पूर्ण दराने, २६ आठवडे. त्याआधीच्या दोन अंशदान कालावधींत ७० दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. या काळात मालकाकडून पगार नाही, म्हणून त्यातून पीएफही नाही. नोकरी आहे, पासबुक थांबलेलं आहे. घाबरून तक्रार टाकण्याआधी हे आठवावे.

मुहूर्त. कायद्याप्रमाणे प्रसूतीआधीच्या दिवसांची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेली, प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. अट्ठेचाळीस तासांत! पगार विभागात इतकी वर्षं काढून सांगते, अट्ठेचाळीस तासांत आमच्याकडे स्टेपलरच्या पिनासुद्धा मंजूर होत नसत. तरी हे वाक्य ईमेलमध्ये लिहावे. लिहिल्याने महिनाअखेरचा पगार निदान महिनाअखेरीस येतो. आणि मालकाने प्रसूतीपूर्व-प्रसूतीनंतरची वैद्यकीय सेवा मोफत दिली नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही मागावा. पुण्यातल्या सिझेरियनच्या बिलाशेजारी तो ठेवून बघू नये, फक्त मागावा.

शेवटचा विधी. बाळाचं आधार निघालं की पीएफच्या पोर्टलवर ई-नामनिर्देशन पुन्हा करावे. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन तसंही रद्द झालेलं असतं, आणि निम्म्या जणींना ते माहीत नसतं. त्यासाठी बाळाचं नाव ठरलेलं असावं लागतं. नावाबाबत भावोजींना विचारायची गरज नाही. ते सांगतातच.