आधी कूलर, मग माठ

उन्हाळा लागला की अकोल्यात ‘कसं काय, बरं आहे ना’ विचारायची पद्धत बंद पडते. दोनच प्रश्न उरतात. ‘नळ आले का?’ आणि ‘कूलर काढला का?’ दुसऱ्याचं उत्तर मार्चपासून ‘हो’ असतं. पहिल्याचं उत्तर कोणाचा फोन कोणाला लागतो त्यावर.

परवा पहाटे चारला नळ आले. शेजारच्या काकाजींनी नळी जोडली ती थेट कूलरला. म्हटलं, “काकाजी, आधी माठ तरी भरा.”

“मानूस दोन पेले पेते, भाऊ. हा हंड्यानं पेते. आधी त्याचं पाहाव लागते.”

काकाजी दहावीत विज्ञानात नापास झाले होते, हे ते स्वतःच सांगतात. पण पृथ्वीचं हवामान कसं चालतं, हे त्यांना बरोबर कळलंय. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी उष्णता लागते. माठातल्या सात लिटर पाण्याला उकळी आणायला लागेल, जवळजवळ तेवढी. ही उष्णता पाणी कुठून घेतं? आजूबाजूच्या हवेतून. कूलरच्या ताटीवरून पाणी ओघळतं, थोडं उडून जातं आणि जाताना खोलीतली आग सोबत नेतं. वाळ्याची ताटी असेल तर वर वासही देऊन जातं. पृथ्वी हेच काम समुद्रावर, जंगलांवर, ओल्या मातीवर करते. तिला फक्त मोटर लागत नाही.

आता समुद्राचं बघा. मे महिन्यात मुंबईत पारा 33-34 ला थबकतो आणि तिथली मंडळी फोनवर आम्हाला ‘ह्युमिडिटी’ समजावून सांगतात. इथं 44-45. रेल्वेने मध्ये अंतर फक्त 580 किलोमीटरचं. फरक कसला, तर त्यांच्या दारात समुद्र आहे. पाणी तापायला वेळ लावतं, निवायलाही लावतं. माणसांनी हवेत धूर सोडून जी जादाची उष्णता साठवली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रांनीच गिळलीय. वऱ्हाडाच्या वाट्याला काळी माती आली. मार्चपर्यंत तिच्यातली ओल जाते, मग तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफ करायला ओलच नसली, की ऊन सगळं तापवण्याच्याच कामी लागतं.

मे 2024 मध्ये असंच झालं. पारा 45 च्या वर गेला आणि अकोल्यात चक्क कलम 144 लागलं. एरवी हे कलम दंगलीच्या वेळी लागायचं. आदेशात कामगारांना पिण्याचं पाणी द्या, शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, अशा शहाणपणाच्या गोष्टी होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण जमाव माणसांचा नव्हता, अंशांचा होता. आणि ते पाचाहून जास्त जमले होते.

त्याआधी, जून 2022 मध्ये, आपण एक जागतिक विक्रमही करून ठेवलाय. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना सलग 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं. गिनीज बुकात नोंद झाली. मला अभिमान आहे. रस्ता गुळगुळीत आहे, मीही त्याच्यावरूनच जातो. पण विक्रम कशाचा झाला, तर काळ्या रंगाचा, उन्हात सर्वांत छान तापणाऱ्या वस्तूचा. तेवढ्याच तासांत किती कडुनिंब लावून जगवता येतात, याचा विक्रम करायला अजून कंत्राटदार मिळालेला नाही. झाड जगायला पाच दिवस नाही, पाच वर्षं लागतात, ही त्याच्या बाजूने मोठीच गैरसोय.

आणि झाड म्हणजे तरी काय? कूलरच. मोठं झाड तापल्या दिवशी शंभराच्या वर लिटर पाणी पानांतून उडवतं. तेही नळाचं नाही, तुमच्या-माझ्या हाती न लागणारं, जमिनीतलं. वीजबिल येत नाही, शॉक बसत नाही. काकाजींच्या दारात असा एक कडुनिंब होता. गाडी लावायला अडचण होते म्हणून गेला. त्याच्या जागी पेव्हर ब्लॉक आले, भिंतीत भोक पाडून कूलर आला. एक नोकर काढून दुसरा ठेवला, एवढंच. आधीचा स्वतःचं पाणी घेऊन यायचा.

समोरच्या बंगल्यात एसी आहे. तो तर पाणीही पीत नाही, घरातली आग उचलून गल्लीत फेकतो. म्हणजे काकाजींच्या कूलरवर.

जमिनीतलं पाणी घ्या म्हणाल, तर तिथं आमचं नशीब आणखी रंगतदार. पृथ्वीवरचं सुमारे 97 टक्के पाणी खारं. समुद्रकाठच्यांना ते नुसतं दिसतं, आम्हाला ते पैसे खर्चून बोअर मारल्यावर लागतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर असा हा खारपाणपट्टा पसरलाय. समुद्राचा गारवा आला नाही, चव तेवढी आली. दर्यापूरकडे बोअरचं पाणी कूलरला घाला, थोड्याच दिवसांत ताटी पांढरी. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

एप्रिल 2023 मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख हे खारं पाणी टँकरमध्ये भरून पायी नागपूरला निघाले. वान धरणातून 69 गावांना पाणी देणाऱ्या योजनेला स्थगिती मिळाली होती, म्हणून हे पाणी उपमुख्यमंत्र्यांना दाखवायचं होतं. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना अडवलं. पूर्णेचं पाणी एरवी पश्चिमेला तापीत आणि तिथून सुरतेच्या समुद्रात जातं, विनाअडथळा. एकदाच पूर्वेला निघालं तर बंदोबस्त लागला. दुसरीकडे तेल्हाऱ्याचे शेतकरी म्हणतात, वानचं पाणी आमच्या ओलिताचं, आम्ही काय प्यायचं आणि काय पेरायचं? दोघांचंही खरं आहे. हीच पंचाईत.

मोर्णेचं थोडक्यात सांगतो, कारण नदीही आता थोडक्यातच उरलीय. जानेवारी 2018 मध्ये अकोलेकरांनी हजारोंनी उतरून तिच्यातली जलकुंभी काढली. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये कौतुक केलं. जलकुंभीकडे रेडिओ नसावा. ती परत आली.

जून उजाडला की कूलर निकामी होतो. हवेतच वाफ भरलेली, त्यामुळे ताटीवरचं पाणी उडत नाही, नुसती चादर ओली होते. पृथ्वीचंही तसंच चाललंय. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. वाफ पुन्हा उष्णता अडवते, म्हणजे दुलईवर दुलई. आणि हवा ही वाफ सोडते तेव्हा महिन्याचा पाऊस एका रात्रीत ओतते. पेव्हरवरून तो नालीत, नालीतून मोर्णेत, मोर्णेतून पूर्णेत. आठ दिवसांनी आपण पुन्हा नळाच्या तोंडाकडे बघत बसलेलो.

खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे कधीच कळलंय. आभाळाचं गोड पाणी त्याने शेततळ्यात धरलं नाही तर खाली फक्त मीठ आहे. शहरात आपल्याला एवढं करायचं आहे: दारातले चार पेव्हर उचला, पाऊस मुरू द्या आणि तिथं एक कडुनिंब लावा. काकाजींनाही सांगून पाहिलं. त्याला किती एचपीची मोटर लागते, असं त्यांनी विचारलंय.