शुद्ध क्रिकेटवाले काका

दादर ते डोंबिवली, कुठल्याही सोसायटीत जा, क्रिकेट मेलं असं ठणकावून सांगणारे एक काका असतातच. मरणाची तारीख तेवढी दर भेटीत बदलते. कधी २००८, आयपीएल सुरू झालं ते साल. कधी २००३, इंग्लंडच्या कौंट्यांनी वीस षटकांचं खूळ काढलं ते. फारच रंगात आले, तर थेट ५ जानेवारी १९७१. मेलबर्नची कसोटी पावसात वाहून गेली आणि प्रेक्षकांची समजूत घालायला एका दिवसाचा सामना उरकला गेला. "त्या पावसात क्रिकेटला जी सर्दी झाली ना, तिचाच पुढे न्यूमोनिया झाला," काका म्हणतात.

काकांचं दैवत बापू नाडकर्णी. मद्रासला १९६४ साली बापूंनी इंग्लंडला ओळीने २१ षटकं निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एक धाव नाही. काका लगेच हिशेब मांडतात, "ट्वेंटी-ट्वेंटीच्या डावात चेंडू किती? एकशेवीस. म्हणजे तुमचा अख्खा डाव शून्यावर आटपला, आणि वर अकरा चेंडू शिल्लक!" ते अकरा चेंडू कपाटात जपून ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

१९७५च्या विश्वचषकात इंग्लंडने लॉर्ड्सवर ३३४ धावा ठोकल्या आणि उत्तरादाखल गावसकर साठच्या साठ षटकं खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. त्या खेळीचं समर्थन खुद्द गावसकरही करत नाहीत. काका करतात. "तो सत्याग्रह होता!" १९३९ची डर्बनची कसोटी तर त्यांचा हळवा कोपरा. काळाची मर्यादाच नसलेला सामना, ३ मार्चला सुरू झालेला. १४ मार्चला इंग्लंडला फक्त ४२ धावा हव्या होत्या, पण मायदेशी जाणारी बोट चुकेल म्हणून तो अनिर्णित सोडला. "बोट थांबवता आली नसती?" असं काका आजही विचारतात, आणि उत्तर आपण द्यायचं असतं.

इतका निष्ठावंत माणूस संध्याकाळी साडेसातला काय करतो? आयपीएल लावतो. "शिव्या द्यायच्या तर पुराव्यानिशी द्याव्यात." पुरावा शेवटच्या चेंडूपर्यंत गोळा होतो. कोण लिलावात कितीला गेला, हे त्यांना काकूंच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ. मध्येच अडीच मिनिटांचा टाइमआउट येतो. वयोमानानुसार तेवढी एकच सुधारणा त्यांना मान्य आहे.

वानखेडेवर रणजीचा सामना असतो. लाल चेंडू, चार दिवस, हव्या तितक्या रिकाम्या खुर्च्या. आपण म्हणतो, "चला काका." काका खिडकीबाहेर पाहतात. "ऊन फार असतं हो. आणि चार दिवस बसणार कोण?"

आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. हा आकडा ऐकून काका कळवळतात. कंपन्यांनी एवढे पैसे ज्या डोळ्यांसाठी मोजले, त्यांतले दोन आपल्याच चष्म्यामागे आहेत हे त्यांना कोण सांगणार?

परवा नात म्हणाली, "आजोबा, साडेतीन तास मॅच? मी फक्त सिक्सेस बघते, मोबाइलवर." काका उसळले. "असं तुकड्या-तुकड्यांनी क्रिकेट बघतात? अगं, पॉवरप्लेमध्ये पाया घालायचा, मधल्या षटकांत फिरकी खेळून काढायची, विकेट हातात राखायच्या, मग शेवटी हाणामारी. शास्त्र आहे ते! तुम्हा पोरांना संयमच नाही!"

"कशाचं शास्त्र म्हणालात?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता २०२८मध्ये लॉस एंजेलिसला क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत येतंय. १९००च्या पॅरिसनंतर प्रथमच, आणि तेही वीस षटकांचं. "बघणार का?" मी विचारलं.

"बघावं लागेल. देशाचा प्रश्न आहे."

"आणि सुवर्णपदक मिळालं तर?"

"मिळालं तर ती बापूंची पुण्याई," काका म्हणाले. "हुकलं, तर तुमची वीस षटकं."