सोसायटीत कोंबडी पाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

पुण्या-ठाण्याच्या वेशीवरच्या रो-हाउस सोसायटीत ज्यांना मागच्या दारी मातीचा एक तुकडा लाभला आहे आणि तुळस, कढीपत्ता, गवती चहा लावूनही ज्यांच्या जिवाला स्वस्थता नाही, अशा सभासदांसाठी हे मार्गदर्शन आहे. फ्लॅटवाल्यांनी वाचू नये. उगाच जीव जळेल.

आधी कायदा पाहू. प्रदूषण मंडळाच्या संमतीची भानगड 5,000 पक्ष्यांपासून सुरू होते. तुमच्या तीन कोंबड्यांना तिथवर पोचायला अजून 4,997 हव्यात. घाई करू नये. सोसायटीचे उपविधी चाळलेत तर त्यात पार्किंग आहे, गळती आहे, थकबाकी आहे, कोंबडी कुठेच नाही. मात्र इतर सभासदांना उपद्रव किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, अशा अर्थाची एक ओळ हमखास असते आणि तिच्यात कोंबडीच काय, हत्तीही मावतो. तेव्हा तुमचं कायद्याचं पुस्तक पलीकडच्या कुंपणाशी उभं आहे, सकाळी साडेसहाला ते दूध घ्यायला बाहेर येतं, आणि त्याला गुड मॉर्निंग म्हणण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी.

आता पिल्लं. दारावर येणारी गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं मुलं कितीही रडली तरी घेऊ नयेत. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंडी देणार नाहीत आणि मांसही धरणार नाहीत म्हणून हॅचरीने वाऱ्यावर सोडलेले. रंग उडून जातो, नर राहतो. खात्रीच्या ठिकाणाहून वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज असली एखादी जात घ्यावी, आणि शक्यतो वयात येत असलेल्या तलंगा घ्याव्यात. तलंग थोडी महाग पडते, पण ती चार महिन्यांनी अचानक आरवत नाही.

कारण आरवणं हाच या विषयाचा गाभा आहे. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, हे सोसायटीतल्या निम्म्या पदवीधरांना ठाऊक नसतं. ते त्यांना हळुवारपणे सांगावं. पिल्लं हवी असतील तरच कोंबडा लागतो, आणि कोंबडा आला की सन 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम येतात. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेच्या वर दहा डेसिबल गेले की तक्रारीचा हक्क. कोंबड्याच्या चोचीपाशी मोजलं तर आवाज शंभराच्या पुढे जातो. गंमत म्हणजे त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नाही. बेल्जियमच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं, की चोच पूर्ण उघडली की कोंबड्याचा कान आपोआप झाकला जातो. हीच सोय आपल्या काही पदाधिकाऱ्यांनाही असावी, असं वार्षिक सभेत वाटून जातं.

त्याच्यावर काळं कापड टाका, असं कोणीतरी सुचवेल. टाकू नये. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या. नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये कोंबड्यांना दिवसरात्र मंद उजेडात ठेवून पाहिलं, आणि आरवणं शरीरातल्या घड्याळावर चालतं असं दाखवून आज्यांची बाजू उचलून धरली. पुढे हेही कळलं, की एकत्र असलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरच्या मानाचा आधी आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीने मागून. समितीच्या बैठकीला बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

यानंतर नामकरण. हे टाळू नये. भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तुमची कोंबडी कुत्रा नाही हे खरं, पण तिचं नाव ‘शालू’ असेल, शेजारची मुलं तिला त्या नावाने हाक मारत असतील, तर तिच्याविरुद्ध अर्ज लिहिताना सेक्रेटरींचा हात थोडा कापतो. नाव ठेवण्याचा तोटा एवढाच, की पुढे तिचा रस्सा करता येत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं.

खुराडं सामाईक भिंतीला लावू नये, जमिनीपासून हातभर उंच असावं, जाळी बारीक असावी. उपनगरात मुंगूस, बोका आणि घार तिघंही हजर असतात आणि तिघांचीही सोसायटीत नोंदणी नाही. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून टाकावेत, नाहीतर उंदीर येतील आणि दोष तुमच्या माथी. गॅलरीत रोज मूठमूठ ज्वारी टाकून पारव्यांची फौज पोसणारे काकाच ही तक्रार करतील. त्यांना पारव्यांची आठवण करून देऊ नये. ते पुण्याचं काम आहे.

अंडीवाटप हा प्रत्यक्ष कारभार. इथे गणित कच्चं असलेले सभासद बुडतात. हिशेब हात राखून, साध्या गावरान कोंबडीवर धरावा: ती वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, मधेच खुडुक होऊन बसते ते वेगळं. तीन कोंबड्यांची धरा दोनशे. सात शेजाऱ्यांना दरमहा दोन-दोन म्हटलं तरी 168 गेली. उरलेल्या बत्तिसांत तुमचं कुटुंब. ही अंडी महाग पडतात, पण वकील त्याहून महाग पडतो. अंडं न खाणाऱ्या घरी खत द्यावं. मात्र ताजं देऊ नये, त्याने झाडं जळतात. काही महिने कुजवून, चांगल्या डब्यात, झाकण लावून. आमच्या ओळखीत एकांनी ताजंच दिलं आणि पलीकडचा मोगरा गेला. त्या दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

राणीखेतची लस, म्हणजे मानमोडीची, वेळेवर द्यावी. बर्ड फ्लूचं नाव निघालं की मात्र विनोद पुरे. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला, जानेवारी 2021 मध्ये परभणीतल्या मुरुंब्याला साथ आली, तेव्हा बाधित जागेभोवतीच्या टापूतले पक्षी मारण्यात आले. त्यातून परसातलेही सुटत नाहीत, आणि शालू या नावाचा तिथे उपयोग नाही. कोंबड्या अचानक पटापट मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

राहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. कोंबडीचा विषय विषयपत्रिकेवर येऊ देऊ नये. तो अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत घ्यावा. त्यासाठी आधी पार्किंगचा विषय कोणाकडून तरी काढवावा. दोन तास तिथे जातात, आवाज 45 डेसिबलच्या बराच वर जातो, आणि बटाटेवडे आले की सभासद काहीही मंजूर करतात. विरोध झालाच तर त्रिसदस्यीय पाहणी समितीची मागणी स्वतःच करावी. समितीला रविवारी सकाळी नऊला, उपाशीपोटी बोलवावं. कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर आदल्या रात्रीच चिरून ठेवावी.