साहेबाला न उकडलेलं खोरं

एखादी दरी तिच्या रूपामुळे प्रेक्षणीय ठरते, असा आपला भाबडा समज आहे. महाराष्ट्रातल्या थंड हवेच्या ठिकाणांची यादी काढून बघा, म्हणजे दरीला रूपाइतकीच घामाघूम झालेल्या साहेबाचीही गरज असते हे ध्यानात येईल. मुंबईचा गव्हर्नर माल्कम 1828-29च्या सुमारास महाबळेश्वरी आरोग्यधाम उभारण्याच्या मागे लागला. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट 1850मध्ये माथेरान चढला. मग या साहेबांनी, त्यांच्या मडमांनी आणि मित्रमंडळींनी जिथे जिथे उभं राहून वारा घेतला, त्या त्या जागेचा ‘पॉइंट’ झाला. आज आपण विल्सन पॉइंटवर सूर्योदयासाठी ताटकळतो, एल्फिन्स्टन पॉइंटवर फोटो काढतो आणि मक्याचं कणीस खात परततो. सूर्य पूर्वी महाबळेश्वरात उगवतच नव्हता, विल्सनसाहेबांनी मंजुरी दिल्यावर उगवू लागला, असं एखाद्या मुलाला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

आता लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, नांदेडच्या हद्दीला टेकलेल्या जळकोटकडे या. बालाघाटचे डोंगर, मधून तिरू नदीचं खोरं. डोंगर लाव्हाच्या थरांचे, त्यामुळे माथे थापलेल्या भाकरीसारखे सपाट. वर मुरूम आणि सीताफळाची झुडपं, खाली काळं रान, त्यात सोयाबीन, तूर, ज्वारी. पावसाळा सरताना हे सगळं एकदम हिरवं होतं. तरी इथे एकही पॉइंट नाही. कारण उघड आहे. हा मुलूख 1948च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा होता आणि मुंबईच्या गव्हर्नराला इथे येऊन उकडण्याचा अधिकार नव्हता. नावांनीही घोळ वाढवलाय. जळकोट म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला नळदुर्गाजवळचं, तुळजापूर तालुक्यातलं जळकोट आठवतं. जवळच उदगीरकडे हत्तीबेट आहे. तिथे हत्तीही नाही आणि चहूबाजूंनी पाणीही नाही, कारण ‘बेट’ म्हणजे इकडे डोंगर. आणि ज्या जिल्ह्यातल्या गावाच्या नावातच ‘जळ’ आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

साहेब आला नाही म्हणून हे खोरं यादीत नाही, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की साहेब काही उगाच महाबळेश्वरी गेला नाही. ते ठिकाण 1,370 मीटरच्या आसपास आहे आणि जळकोटकडचे डोंगर जेमतेम त्याच्या निम्मे. मान्य. पण मग साहेबाची मोजपट्टी सौंदर्याची नव्हती, थर्मामीटरची होती, हेही मान्य करा. आज घरोघरी एसी असताना दोनशे वर्षांपूर्वीच्या पाऱ्यावर आपल्या सहली का ठरवायच्या? दुसरा आक्षेप इतिहासाच्या जाणकारांचा: चिखलदरा तर तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, मग तो कसा यादीत आला? त्याला शोधून काढण्याचं श्रेय 1823 सालच्या कॅप्टन रॉबिन्सनला देतात आणि तो हैदराबादच्या फौजेतला साहेब होता. म्हणजे राज्य कुणाचंही असो, साहेब लागतोच. तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: हे खोरं वर्षातले काही महिनेच हिरवं, चैत्र-वैशाखात नुसती बरड. पण कासचं पठार तरी किती आठवडे फुलतं? तिथे उरलेल्या महिन्यांबद्दल कुणी तक्रार करत नाही, उलट फुलांची तारीख विचारून रजा टाकतात. महाबळेश्वरात तर भर पावसाळ्यात समोरची दरी धुक्यात बुडते आणि माणसं त्या धुक्यालाच दरी समजून पैसे वसूल करतात.

राहिला सोयींचा प्रश्न: पॉइंट नाही, तर बघायचं कुठून आणि खायचं काय? या भागाने त्याचं उत्तर केव्हाच काढलंय. त्याला पर्यटन म्हणत नाहीत एवढंच. त्याला येळवस म्हणतात. मार्गशीर्ष अमावास्येला सगळा लातूर-धाराशिवचा मुलूख घराला कुलूप लावून शेतात जातो. ज्वारी उभी असते, तुरीला ओल्या शेंगा असतात, हरभरा हाताशी आलेला असतो. झाडाखाली कडब्याची कोप बांधतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि पूजा झाली की पंगत बसते. ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली, लसणाचा वास मारणारी आंबील. ही भज्जी तळत नाहीत, शिजवतात. कांदाभज्याच्या आशेने गेलेल्याने आधीच मन घट्ट करावं. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवतात आणि पहिली वाटी संपायच्या आत दुसरी ओततात. साहेबाच्या पद्धतीत माणूस कड्यावर उभा राहून दरीकडे बघतो. इथे तो दरीच्या तळाशी मांडी घालून बसतो आणि दरीच खातो. दोन्हींत प्रेक्षणीय काय, हे ज्याने त्याने ठरवावं. पचनीय काय, याबद्दल मात्र दुमत नसावं.

यावर कुणी म्हणेल, असं लिहून तुम्हीच या खोऱ्याचं माथेरान करणार. ती भीती फारशी खरी नाही. इथे विकण्याजोगा कडाच नाही आणि दुसऱ्याच्या पंगतीला तिकीट लावता येत नाही. ज्याला यायचंय त्याने विकाराबाद-लातूररोड मार्गावरच्या उदगीर स्टेशनात उतरावं, पुढे एसटीने जळकोट गाठावं आणि पॉइंट कुठे आहे असं कुणाला विचारू नये. शिवाय येळवसेच्या दिवशी लातुरात जेवायला हॉटेल शोधत हिंडू नये. बाजारपेठ बहुतेक बंद असते आणि हॉटेलवाला शेतावर आंबील पीत असतो.