खोलून बघणारे काका

बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारी माणसं वेगळी आणि वस्तू खोलून बघणारी माणसं वेगळी. पहिल्यांना वस्तू चालू झाली की समाधान वाटतं. दुसऱ्यांना वस्तू चालू असली की चैन पडत नाही. आमचे काका दुसऱ्या जातीचे. पुण्यातल्या त्यांच्या घरातला पंखा, मिक्सर, गीझर, शेजाऱ्यांचा शिटी न होणारा कुकर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. परत जोडताना एखादा स्क्रू उरतोच, आणि त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असतं, "कंपनी दोन जास्तच घालते."

निवृत्तीनंतर काका-काकू मुलाकडे इंग्लंडला आले. डॉर्सेटमधल्या पूल या गावी तो राहतो आणि मी त्याच्या शेजारी. येताना काकूंनी बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला भरला आणि मधल्या फटींत काकांनी पक्कड, टेस्टर, पॉलिश पेपर, एम-सील सारलं. इथे मात्र खोलायला काही मिळेना. गॅसच्या बॉयलरला हात लावायचा तर परवानाधारक माणूस हवा. डिशवॉशर वॉरंटीत. टीव्हीजवळ काका नुसते उभे राहिले तरी सून चहाला हाक मारायची. हळूहळू माणूस कोमेजायला लागला.

मग एका रविवारी मुलाने त्यांना कार बूट सेलला नेलं. लोक मैदानात गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकतात. "अरे, हा तर आपला जुना बाजार," काका म्हणाले, आणि त्यांची चाल बदलली. तिथे त्यांना लाव्हा लॅम्प सापडला, म्हणजे तापला की बाटलीतले मेणाचे गोळे पाण्यात वर-खाली तरंगतात तो शोभेचा दिवा. एका बाईंनी तो दोन पौंडांना लावला होता, आणि पाणी गढूळ झालंय, मेण तळाशीच बसून राहतं, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी घासाघीस केली नाही. वस्तूबरोबर बिघाड फुकट मिळत होता.

घरी आल्यावर मुलाने शोधून सांगितलं की दिव्याचं माहेर हेच गाव. एडवर्ड क्रेव्हन वॉकर नावाच्या माणसाने एका पबमध्ये अंडं उकडायची वेळ दाखवणारं घरगुती यंत्र पाहिलं. बरणीत पाणी आणि मेण, मेण वितळून वर आलं की अंडं झालं. त्यावर डोकं चालवून त्याने १९६३ साली 'ॲस्ट्रो' हा दिवा बाजारात आणला. बाटलीचा घाट संत्र्याच्या सरबताच्या बाटलीवरून घेतला. ती कंपनी, आताचं नाव मॅथमॉस, अजून इथेच दिवे बनवते. काका भारावले. "पबमध्ये जाऊन प्यायचं सोडून हा बरणी बघत बसला. आपला माणूस!" वॉकर दिगंबर पंथाचा होता, म्हणजे विवस्त्र राहणाऱ्यांचा पुरस्कर्ता, आणि त्यावर त्याने चित्रपटही काढले होते, हे मुलाने चाचरत सांगितलं. काकांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. मेणाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत."

निदानही लगेच झालं. कुणीतरी दिवा गरम असताना हलवलाय, म्हणून मेण पाण्यात फुटून गढूळ झालंय. टोपी काढल्यावर आत सोडावॉटरच्या बाटलीसारखंच पत्र्याचं बूच निघालं. काकांनी ओपनरने ते अलगद उचललं आणि सवयीने नाक पुढे केलं. "अहो, वास काय घेताय, आमटी आहे का ती?" काकू ओरडल्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. मेण जड व्हावं म्हणून जुन्या दिव्यांत कार्बन टेट्राक्लोराइड घालत, आणि ते यकृताला घातक असतं. हा दिवा तितका जुना नव्हता, तरी काकांची रवानगी मागच्या अंगणात झाली. थंडीत मफलर, माकडटोपी आणि काकूंचे भांडी घासायचे रबरी हातमोजे, अशा वेशात बाटली रिकामी झाली. पलीकडच्या इंग्रज आजोबांनी कुंपणावरून पाहिलं आणि हवेबद्दल काही न बोलता आत गेले. इंग्लंडमध्ये हे फार मोठं लक्षण आहे.

तळाचं मेण थंड पाण्याने धुतलं, तारेची वेटोळी घासली. "ही वेटोळी शोभेची नाही. खाली आलेले गोळे हिच्यावर पुन्हा एक होतात." मग डिस्टिल्ड वॉटर. "बॅटरीत घालायचं पाणी," काकांनी काकूंना समजावलं. स्कूटरच्या काळात त्यांच्या घरात ते दुधाइतकं नियमित येत असे. त्या पाण्यात घालायच्या साबणाच्या थेंबावरून वाद झाला. काकांना रिठाच हवा होता, सुनेने भांड्यांचा साबण पुढे केला. काकांनी थेंबाऐवजी धार सोडली आणि दिवा तापल्यावर मेणाचे साबुदाणे झाले. पाणी ओता, पुन्हा धुवा. काका बेहद्द खूश.

खरी मजा मिठाची. पाणी मेणापेक्षा किंचितच हलकं असलं की तापून फुगलेलं मेण वर जातं आणि वर गार होऊन खाली येतं. मेण तळाला चिकटलं तर पाणी जड करायचं, म्हणजे मिठाचं पाणी थेंबथेंब घालायचं, आणि प्रत्येक बदलानंतर तासन्‌तास वाट पाहायची. एकदा मेण तळाशी ढिम्म बसून राहिलं. काकांनी मीठ घातलं, अजून मीठ घातलं. शेवटी कळलं की वीज वाचवायला सुनेने बल्ब काढून एलईडी लावला होता. उजेड होता, ऊब नव्हती. तापणारा बल्ब परत आला आणि सगळं मेण एकदम छताला लागलं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी मिठाबद्दल बोललं नाही. जेवतानासुद्धा.

अखेर एका संध्याकाळी गोळे शिस्तीत वर-खाली करू लागले. आता बाटली बंद करायची. पाणी तापल्यावर फुगतं म्हणून वर थोडी हवा ठेवली. एम-सील मात्र काकांनी नाकारलं, कारण एम-सील लावलं की पुढच्या वेळी उघडायला त्रास. घरी बिअर बनवणारे लोक बुचं दाबायला वापरतात ते यंत्र मागवलं, दिव्याच्या कितीतरी पट किंमत देऊन, सोबत शंभर बुचांचं पाकीट. दिवा गार झाल्यावर एक बूच बसवलं. खट्ट.

शनिवारी आम्ही मंडळी पाहायला जमलो. दिवे मालवले, लाल गोळे तरंगत वर गेले, मुलं गप्प झाली, मी मनापासून "वा!" म्हणालो. काका मान तिरकी करून बघत होते.

"वर जरा जास्त रेंगाळतंय," ते म्हणाले. "मीठ थेंबभर जास्त झालंय."

"अहो, चांगलं चाललंय ना? राहू द्या की आता," काकू म्हणाल्या.

"राहू द्या काय? अजून नव्व्याण्णव बुचं आहेत."